माग काढायला शिकताना : कुत्रे, हँडलर आणि सोबतीचा गट

कुत्र्याला हुंगायला शिकवावे लागत नाही. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात, तर कुत्र्यांमध्ये, जातीनुसार, त्या १२ कोटींपासून ३० कोटींपर्यंत असल्याचे सांगितले जाते. शिकवायचे असते ते एवढेच, की आसपासच्या असंख्य वासांतून दाखवून दिलेला एकच वास धरावा, तो सुटला तर पुन्हा शोधावा आणि शेवटापर्यंत जावे. हे शिकवणारा हँडलर मात्र एका विचित्र पेचात असतो, कारण ज्या गोष्टीचे तो शिक्षण देतो ती त्याला स्वतःला जाणवतच नाही. माग कुठून गेला हे त्याला ठाऊक नसेल, तर कुत्रे बरोबर आहे की चुकले हे त्याला कळत नाही; आणि ठाऊक असेल, तर दोराच्या ओढीतून, चालण्याच्या वेगातून, नुसत्या थबकण्यातून तो कुत्र्याला नकळत वाट दाखवू लागतो. हा पेच एकट्याने सुटत नाही. कुणीतरी दुसऱ्याने माग आखावा लागतो, तिसऱ्याने बाजूला उभे राहून पाहावे लागते आणि दोघांनीही योग्य वेळेपर्यंत गप्प राहावे लागते. गट हवा तो यासाठी.

पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रातील माळ, शेते आणि ऋतू डोळ्यांसमोर ठेवून केले आहे, कारण या विषयावरील बहुतेक सूचना थंड देशांतील ओल्या गवताळ कुरणांसाठी केलेल्या असतात आणि त्या आपल्याकडच्या मार्चमधील मुरमाड जमिनीवर जशाच्या तशा चालत नाहीत.

आधी प्रकार ठरवावा

वासाच्या कामाचे अनेक प्रकार आहेत आणि नवखे लोक ते एकमेकांत मिसळतात. स्फोटके किंवा अमली पदार्थ हुंगून दाखवणारे कुत्रे माग काढत नाही. ते ठरावीक पदार्थाचा वास ओळखते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या काळात गाजलेला मुंबई पोलिसांचा लॅब्रॅडॉर ‘झंजीर’ स्फोटके शोधणारा होता, माग काढणारा नव्हे. वाऱ्यावर येणारा माणसाचा वास पकडून, नाक वर ठेवून मोकळे धावणारे शोधपथकातील कुत्रे हा आणखी वेगळा प्रकार. आपल्याला येथे ज्यांच्याशी कर्तव्य आहे ते दोन प्रकार असे : पावलोपावली माग काढणे, आणि विशिष्ट व्यक्तीच्या वासावर माग काढणे.

पहिल्यात कुत्रे जमिनीला नाक लावून प्रत्येक पावलाचा ठसा तपासत जाते. माणूस चालतो तेव्हा त्याच्या वजनाने गवत चिरडते, मातीचा वरचा थर मोडतो, आतली ओल आणि मातीतील सूक्ष्मजीव उघडे पडतात, आणि त्या जागेचा वास आजूबाजूच्या न तुडवलेल्या जमिनीपेक्षा वेगळा होतो. दुसऱ्यात कुत्रे पाऊलखुणांपेक्षा माणसाच्या अंगावरून सतत गळणाऱ्या त्वचेच्या सूक्ष्म कणांचा वास धरते. हे कण वाऱ्याने बाजूला जातात, कुंपणाच्या मुळाशी आणि गटाराच्या कडेला साचतात, त्यामुळे असे कुत्रे प्रत्यक्ष वाटेपासून काही मीटर बाजूने चालले तरी ते चुकले असे म्हणता येत नाही. प्रत्यक्षात दोन्ही वास एकत्रच असतात. फरक असतो तो आपण कुत्र्याकडून काय मागतो यात.

नव्या गटाने पहिल्या प्रकारापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला जागा थोडी लागते, चूक लगेच दिसते आणि हँडलरला दोर धरण्याची व कुत्र्याच्या हालचालींचा अर्थ वाचण्याची शिस्त लागते. दोन्ही प्रकार एकाच महिन्यात सुरू करणाऱ्यांची कुत्री दोन्हींत अर्धवट राहतात.

कोणते कुत्रे, आणि गट केवढा

जातीचा बाऊ करू नये. ब्लडहाउंड या कामासाठीच ओळखला जातो हे खरे, आणि जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, बीगल, मॅलिनॉय यांच्याबरोबर काम सोपे जाते हेही खरे. पण खाण्यात रस असलेले आणि नव्या जागेला न बुजणारे कोणतेही गावठी कुत्रे हे शिकते. कारवान आणि मुधोळ ही आपल्याकडची शिकारी कुत्री नजरेवर धावणारी आहेत. त्यांना नाक कमी असते असे नाही, पण दूरवर काही हलले की त्यांचे डोके वर जाते, म्हणून त्यांच्यासाठी मोकळ्या माळापेक्षा आडोसा असलेले शेत बरे. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांनाही हा खेळ आवडतो. त्यांचा प्रश्न नाकाचा कमी आणि उष्णतेचा अधिक असतो, आणि तो गंभीर असतो. लसीकरण पूर्ण झाले की पिल्लाला छोटे माग देता येतात. म्हातारे कुत्रेही चालते.

गटात चार ते सहा कुत्री असावीत. त्याहून अधिक झाली तर शेवटच्या कुत्र्याची पाळी येईपर्यंत ऊन चढते, आणि तीनपेक्षा कमी असली तर माग आखायला पुरेशी वेगवेगळी माणसे मिळत नाहीत. प्रत्येक वेळी चार भूमिका ठरलेल्या असाव्यात : कुत्रे चालवणारा, माग आखणारा, निरीक्षक आणि नोंद ठेवणारा. या भूमिका फिरत्या असाव्यात. नेहमी एकच अनुभवी व्यक्ती माग आखत राहिली, तर सगळ्या कुत्र्यांना तिच्याच बुटांचा आणि तिच्याच चालीचा माग काढण्याची सवय लागते, आणि इतर सभासदांना वारा व जमीन वाचण्याची सवय लागत नाही. माग आखणे हे नवशिक्यावर सोपवायचे हलके काम आहे असा समज आहे. तो चुकीचा आहे. वाईट कुत्र्यापेक्षा वाईट आखलेल्या मागाने जास्त सकाळी वाया जातात.

कुत्र्यांनी एकमेकांशी खेळण्यासाठी ही भेट नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वांना सांगावे. ज्याची पाळी नाही ते कुत्रे सावलीत, एकमेकांपासून दूर, पाण्याच्या भांड्यासह थांबते. बंद गाडीत उन्हात ठेवणे कोणत्याही कारणास्तव मान्य नसावे. कुत्री माजावर असेल तर तिला त्या दिवशी घरी ठेवावे, किंवा तिचा माग सर्वांत शेवटी, वेगळ्या जागेवर घ्यावा. सर्व कुत्र्यांची रेबीजची लस चालू असल्याचे कार्ड एकदा पाहून घेण्यात कुणी अपमान मानू नये.

साहित्य

फार काही लागत नाही. खांद्यांची हालचाल अडवणार नाही असा, पाठीवर कडी असलेला हार्नेस घ्यावा. गळ्यातल्या पट्ट्याला दोर लावून माग काढू नये, कारण ओढ बसली की गळा आवळतो आणि नाक वर येते. दोर १० मीटरचा असावा. परदेशी बनावटीचा प्लॅस्टिक आवरणाचा पट्टा चिखलात स्वच्छ राहतो, पण बाजारात मिळणाऱ्या जाड सुती नवार पट्टीला मजबूत हूक शिवून घेतला तरी काम तेवढेच चांगले होते. फक्त शेवटाला हात अडकेल असा फास ठेवू नये. हातमोजे अवश्य घालावेत. जागा दाखवण्यासाठी कापडी झेंड्या लावलेल्या बांबूच्या काड्या लागतात. मागावर ठेवण्यासाठी चामडे, लाकूड आणि जाड कापड यांचे तळहाताएवढे किंवा त्याहून लहान तुकडे करून ठेवावेत. खाऊ मऊ, ओलसर आणि एका घासात गिळता येईल असा हवा. उकडलेल्या कोंबडीचे किंवा काळजाचे वाटाण्याएवढे तुकडे उत्तम. बिस्किटाचा चुरा होतो आणि कुत्रे चावत थांबते. याशिवाय भरपूर पाणी, वही-पेन्सिल आणि मोबाइलवर चाललेली वाट नोंदवणारे एखादे ॲप पुरे.

जागा आणि परवानगी

कापणी झालेले शेत, नुकतीच नांगरून ढेकळे फुटलेली काळी जमीन, पावसाळ्यानंतरचे घोट्याएवढे गवत असलेले पडीक रान, या जागा सुरुवातीला योग्य ठरतात. काळ्या मातीत ठसा खोल उमटतो आणि ओल धरून ठेवतो, म्हणून पहिले धडे तिच्यावर द्यावेत. मुरूम आणि खडक यांच्यावर वास लवकर विरतो. त्या जागा पुढच्या टप्प्यासाठी राखाव्यात.

शेतकऱ्याला आदल्या दिवशी विचारावे, आणि विचारताना फक्त ‘येऊ का’ असे न विचारता तीन गोष्टी नेमक्या विचाराव्यात. अलीकडे कोणती फवारणी झाली आहे? उघडी विहीर, शेततळे किंवा विजेच्या झटक्याचे कुंपण कुठे आहे? आणि रानडुकरांसाठी कुणी काही पेरले आहे का? शेवटचा प्रश्न ऐकून शहरी माणूस चमकतो, पण डुकरांना मारण्यासाठी खाद्यात लपवलेले गावठी बॉम्ब राज्याच्या काही भागांत सापडतात, आणि नाक खाली ठेवून खाऊ शोधायला शिकवलेल्या कुत्र्याइतका त्यांचा धोका दुसऱ्या कुणाला नसतो. उत्तर अस्पष्ट आले तर दुसरी जागा पाहावी.

अभयारण्ये आणि वनखात्याची राने टाळावीत. पाळीव कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग कोल्ह्या-लांडग्यांपर्यंत पोहोचतात, आणि उन्हाळ्यात टिटवी, चंडोल यांसारखे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर माग अर्धवट सोडून बाहेर पडावे.

पहिला माग

पहिल्या दिवशी हँडलरनेच आपल्या कुत्र्यासाठी माग आखला तरी चालेल. वारा पाठीवर घ्यावा, म्हणजे पुढच्या खाऊचा वास हवेतून नाकाशी येणार नाही आणि नाक जमिनीवर राहील. एक झेंडी रोवावी, तिच्या उजवीकडे साधारण एक मीटरचा चौकोन पायांनी नीट तुडवावा आणि त्यात खाऊचे दहा-पंधरा तुकडे विखरावेत. मग चौकोनातून सरळ पुढे, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लागेल अशा बेताने, पंधरा ते वीस पावले चालावे आणि प्रत्येक ठशात, टाचेच्या जागी, एक तुकडा ठेवावा. शेवटी चामड्याचा तुकडा ठेवून त्याखाली मूठभर खाऊ लपवावा. परत येताना त्याच वाटेने कधीही येऊ नये. तसेच पुढे जाऊन, मोठा वळसा घेऊन, वाऱ्याच्या खालच्या अंगाने परत यावे. नवखा माणूस ही चूक हमखास करतो आणि मग कुत्रे अर्ध्या वाटेतून मागे का फिरते याचे नवल करत बसतो.

पाच-दहा मिनिटांनी कुत्र्याला चौकोनाशी आणावे. ते किंचित भुकेले असावे. सकाळचे जेवण मागावरच मिळेल. दोर आखूड धरावा, बोटाने जमीन दाखवावी आणि एकच शब्द उच्चारावा. ‘शोध’ म्हणा वा ‘माग’ म्हणा, पण तो शब्द घरात चेंडू शोधायला वापरात असेल तर दुसरा निवडावा. चौकोनातील खाऊ संपवता संपवता कुत्रे आपोआप पहिल्या पावलाशी पोहोचते. तेथून हँडलरने फक्त मागे चालायचे. शाबासकी देण्याचा मोह आवरावा, कारण आवाज ऐकला की कुत्रे वर पाहते आणि जे नाक खाली हवे असते तेच आपण वर उचलतो. शेवटच्या वस्तूशी मात्र हात सैल सोडावा : खाऊ, कौतुक, खेळ, सगळे तिथेच.

असे दोन-तीन छोटे माग एका सकाळी पुरेत. कुत्रे आणखी मागत असतानाच थांबवावे.

चढत्या पायऱ्या

पुढच्या आठवड्यांत एका वेळी एकच गोष्ट अवघड करावी, हा नियम गटाने लेखी ठरवून घ्यावा. उत्साही सभासदांना आवरण्यासाठी तो लागतो. आधी लांबी वाढवावी, वीस पावलांवरून पन्नास, मग शंभर. मग पावले नेहमीच्या चालीची करावीत. मग खाऊ विरळ करावा, आणि तो विरळ करताना ठरावीक अंतरावर न ठेवता अनियमित ठेवावा, कारण दर पाचव्या पावलावर खाऊ मिळतो हे कुत्र्याला आपल्याआधी उमगते. त्यानंतर वळणे. पहिले वळण काटकोनाचे न घेता अर्धगोल घ्यावे, आणि वळणाच्या लगेच आधीची व नंतरची काही पावले पुन्हा खाऊने भरावीत. कुत्रे वळणे आत्मविश्वासाने घेऊ लागले की माग शिळा करायला, म्हणजे तो आखल्यानंतर कुत्रे सोडेपर्यंतचा वेळ वाढवायला, सुरुवात करावी : दहा मिनिटे, वीस, चाळीस. सर्वांत शेवटी दुसऱ्या माणसाने अर्ध्या तासानंतर आडवा छेदलेला माग द्यावा. ताजा छेद सोडून जुन्या मागावर राहणारे कुत्रे पाहिले, की गटातील प्रत्येकाला आपण येथे का येतो हे कळते.

कुठवर जायचे आहे याचा अंदाज असावा म्हणून परीक्षांचे निकष सांगतो. आयजीपी या प्रशिक्षित कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या पहिल्या पातळीवर हँडलरने स्वतः आखलेला किमान ३०० पावलांचा, दोन वळणांचा, २० मिनिटे शिळा माग असतो आणि त्यावर दोन वस्तू असतात. तिसऱ्या पातळीवर परक्या माणसाने आखलेला ६०० पावलांचा, चार वळणांचा, तासभर शिळा माग आणि तीन वस्तू. अमेरिकन केनेल क्लबच्या पहिल्या पदवीसाठी ४४० ते ५०० यार्डांचा, अर्धा ते दोन तास शिळा माग काढावा लागतो. परीक्षेला बसायचे नसले तरी ३०० पावले आणि दोन वळणे हे पहिल्या हंगामाचे रास्त उद्दिष्ट आहे.

वस्तू दाखवण्याचे शिक्षण मागावर देऊ नये. ते घरी, ओसरीवर वेगळे द्यावे : तुकडा समोर ठेवला, कुत्रे त्याच्यापाशी बसले किंवा आडवे झाले, की दोन पंजांच्या मध्ये खाऊ. घरी हे पक्के झाल्यावरच मागावर वस्तू वाढवाव्यात. वस्तूवर चुकलेल्या कुत्र्याला मागावर रागावले, तर पुढच्या वेळी ते वस्तू आली की बिचकते आणि तिला वळसा घालून जाते.

दोर आणि कुत्र्याचे वाचन

आता हँडलरचे शिक्षण सुरू होते, आणि ते कुत्र्याच्या शिक्षणाहून लांबते. दोर पतंगाच्या मांज्यासारखा धरावा, सतत हलका ताण असलेला, बोटांना बातमी देणारा. ताण नसला तर दोर पायांत येतो. जास्त झाला तर कुत्रे आपल्यालाच ओढण्यात गुंतते. माग सरळ असताना कुत्र्याची मान खाली, शेपटी एका लयीत आणि हुंगण्याचा आवाज जलद व सारखा येतो. हुंगताना कुत्रे सेकंदाला चार ते सहा वेळा श्वास आत घेते, आणि शांत सकाळी तो आवाज दोन मीटरवरून ऐकू येतो. वास सुटला की सर्वांत आधी हा आवाज बदलतो, मग डोके एखाद्या बोटभर उचलते, मग शेपटीची लय तुटते आणि त्यानंतर कुठे चाल बदलते. नवखा हँडलर चौथ्या खुणेवर जागा होतो, तोवर तो वळणाच्या तीन मीटर पुढे गेलेला असतो.

वास सुटल्याचे दिसताच हँडलरने जागच्या जागी थांबावे. पुढे जाऊ नये, मागे ओढू नये, ‘शोध शोध’ असा घोष करू नये. कुत्र्याला दोराच्या टोकाभोवती गोल फिरू द्यावे. ते सोडलेल्या दिशेला पुन्हा जाऊन परत आले, तर ‘इकडे नाही’ हे त्याने सांगितले असे समजावे, आणि ही नकाराची खूण होकाराइतकीच मोलाची मानावी. नाक पुन्हा खाली गेले, दोर सरळ ताणला गेला आणि कुत्रे दोन-चार पावले ठामपणे चालले, की मगच आपण पाऊल उचलावे.

निरीक्षकाचे काम येथे येते. हँडलरला पाठीमागून फक्त कुत्र्याची पाठ दिसते. बाजूने तीस-चाळीस पावलांवरून चालणाऱ्याला नाक, शेपटी आणि हँडलरचे हातही दिसतात. शक्य असल्यास मोबाइलवर चित्रण करावे. आपण वळणाआधी कशी पावले आखडती घेतो हे स्वतः पाहिल्याखेरीज कुणी मान्य करत नाही.

माहीत नसलेला माग

कुत्रे दोन-तीन वळणांचा माग सराईतपणे काढू लागले, की हँडलरला मागाची माहिती देणे बंद करावे. आखणाऱ्याने वहीत नकाशा काढावा, झाडे-बांध यांच्या खुणा लिहाव्यात आणि वही स्वतःच्या खिशात ठेवावी. सुरुवातीची झेंडी सोडून शेतात दुसरी झेंडी नसावी. काही आठवड्यांनी आणखी पुढे जाऊन, मागोमाग चालणाऱ्या निरीक्षकालाही माग ठाऊक नसावा. आखणारा दूर, दृष्टीआड थांबेल आणि फोनवरच उपलब्ध असेल. हँडलर सोबत्यांच्या चेहऱ्यावरूनही उत्तर वाचतो. कुत्रेही वाचते.

ही अतिसावधगिरी वाटेल त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमली पदार्थ वा स्फोटके हुंगणारी कुत्री आणि त्यांचे हँडलर यांच्या १८ प्रशिक्षित जोड्यांना एका चर्चच्या खोल्यांत शोध घ्यायला लावले. वास ठेवलेली जागा लाल कागदाने दाखवलेली असू शकेल, असे हँडलरना सांगितले होते. प्रत्यक्षात कुठेही काहीही ठेवलेले नव्हते. तरीही बहुसंख्य शोधांत कुत्र्याने खूण दिल्याचे हँडलरनी कळवले, आणि लाल कागदापाशी असे अधिक घडले. हे व्यावसायिक हँडलर होते. आठवड्यातून एकदा शेतावर येणाऱ्यांनी स्वतःबद्दल अधिक विश्वास बाळगू नये.

आखणाऱ्याने केव्हा बोलायचे हे आधी ठरवावे. कुत्रे मागापासून दोराच्या एका लांबीहून अधिक दूर गेले आणि परतण्याचे चिन्ह नाही, तरच ‘थांबा’ एवढे म्हणावे, असा नियम मला सोयीचा वाटतो. मग हँडलरने कुत्र्याला शेवटच्या खात्रीच्या जागी आणून पुन्हा संधी द्यावी. तेही जमले नाही, तर जवळ एक छोटा, सोपा, खाऊने भरलेला माग आखून त्यावर दिवस संपवावा. चर्चा कुत्रे बांधून झाल्यावर करावी, आणि ती करताना आधी हँडलरने ‘मला कुठे शंका आली’ हे सांगावे, मग निरीक्षकाने आणि शेवटी नकाशा उघडावा. हा क्रम उलटला, की प्रत्येकाला सगळे आधीच कळले होते असे निष्पन्न होते.

व्यक्तीच्या वासावर

पावलांचे काम बसल्यावर दुसऱ्या प्रकाराकडे जाता येते. गटातील एकाने दिवसभर वापरलेला रुमाल किंवा मोजा स्वतःच्याच हाताने स्वच्छ झिपच्या पिशवीत घालून द्यावा, कुत्र्याला पिशवीचे तोंड उघडून दाखवावे आणि ती व्यक्ती पन्नास-शंभर मीटरवर आडोशाला बसलेली असावी. बक्षीस त्या व्यक्तीकडूनच मिळावे. नंतर दोन माणसांनी एकत्र चालत जाऊन एका ठिकाणी वेगळे व्हावे आणि कुत्र्याने पिशवीतल्या वासाचाच माणूस निवडावा, हा खरा धडा. सोसायटीच्या गल्ल्यांत हे करताना रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या हद्दी लक्षात घ्याव्यात. पुढे एक माणूस पाठवून रस्ता तपासून घ्यावा.

ऋतू आणि जिवाचे धोके

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. दव, गार जमीन आणि मंद वारा असताना वास जमिनीलगत राहतो. मार्चपासून सूर्योदयाबरोबर सुरुवात करून ऊन तापण्याआधी काम संपवावे, कारण जमीन तापली की तिच्यालगतची हवा वर उठते आणि वास विखुरतो. शिवाय तोंड उघडे टाकून धापा टाकणारे कुत्रे नीट हुंगूच शकत नाही. धाप थांबत नसेल, लाळ घट्ट झाली असेल, चाल लटपटत असेल, तर तो उष्माघात समजून तिथेच अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि मग डॉक्टरांकडे न्यावे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ४१ जिवावर बेतते.

पावसाळ्यानंतर कुसळांचा त्रास सुरू होतो. कुसळ बोटांच्या बेचक्यात, कानात आणि, नाक खाली ठेवून चालणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत, नाकपुडीत शिरते आणि आत आत सरकत जाते. गवत पिकलेले असेल तर ते रान सोडावे. एकाएकी सलग शिंका आणि एका नाकपुडीतून रक्त दिसले, तर उशीर करू नये. घरी गेल्यावर गोचिडांसाठी कानामागे, काखेत आणि बोटांत पाहावे. घोणस आणि फुरसे बांधाच्या दगडांत असतात, म्हणून माग बांधाला चिकटून आखू नये. दंश झाल्यास कुत्र्याला चालवू नये, उचलून थेट प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यावे, म्हणून असा दवाखाना कुठे आहे हे गटाने आधीच फोन करून ठरवून ठेवावे. जून ते सप्टेंबर शेते बंद असतात. त्या काळात साचलेले पाणी लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या रोगाच्या) भीतीने टाळून, छपराखाली वस्तू दाखवण्याचा आणि दोर हाताळण्याचा सराव करावा.

वहीत काय लिहावे

तारीख, जमीन, वाऱ्याची दिशा, माग किती पावलांचा, किती मिनिटे शिळा, कुणी आखला, कुत्रे कुठे अडले आणि हँडलर कुठे अडला. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवावेत. दोन महिन्यांनी वही चाळली, की कुत्रे नेहमी वाऱ्याच्या खालच्या अंगाला वळणाऱ्या कोपऱ्यावर चुकते, किंवा एखाद्याच सभासदाने आखलेल्या मागावर चांगले चालते, अशा गोष्टी दिसतात आणि पुढच्या सकाळचा माग काय असावा हे ठरते.

कुणी बोलावले तर

गटाची माहिती पसरली, की कधीतरी हरवलेल्या आजोबांसाठी किंवा चोरीसाठी फोन येतो. सरकारी श्वान पथकातील कुत्री महिनोन्‌महिने रोजच्या सरावातून तयार होतात, आणि तरीही न्यायालये त्यांच्या मागाकडे सावधपणे पाहतात. १९६९ साली महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कुत्र्याने काढलेल्या मागाच्या पुराव्याला फारसे वजन देता येणार नाही, असे म्हटले होते. गुन्ह्याच्या कामाला म्हणून सरळ नकार द्यावा. माणूस हरवला असेल, तर स्वतःहून कुत्रे घेऊन धावू नये, कारण आपल्या पावलांनी आणि आपल्या कुत्र्याने खरा माग तुडवला जातो. घरच्यांना लगेच पोलिसांना कळवायला सांगावे आणि तोवर तीन गोष्टी करायला सांगाव्यात : हरवलेल्या व्यक्तीने अखेरचे वापरलेले, न धुतलेले कपडे कुणी हाताळू नयेत आणि चिमट्याने स्वच्छ पिशवीत बंद करून ठेवावेत, ती व्यक्ती शेवटची कुठे व किती वाजता दिसली हे लिहून ठेवावे, आणि त्या जागेभोवती लोकांनी घोळका करू नये. पोलिसांनी मदत मागितलीच, तर त्यांना कुत्र्याची वही दाखवावी, ज्यात ते कुठे अडते हेही लिहिलेले असते.